ओल कुठून येते

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच बाजूला ठेवू नकोस. भांडायला लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघंही तब्येतपाण्याचं बोलून ठेवून देऊ, मला विचारायचंय ते राहूनच जाईल. पत्ता तुझ्या जुन्या शाळेच्या ऑफिसातून मिळवला. मी भाऊ आहे म्हटल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, त्यांना भाऊ आहे? मी म्हटलं, मलाही हल्ली तीच शंका येते.

ओळी वर चढल्या असतील तर भूमितीच्या बाईंनी माफ करावं. त्या सरळ आहेत की वाकड्या हे मला नक्की सांगता येत नाही, आणि या पत्राचं कारणच ते आहे.

झालं असं. एका घरी न्हाणीघरात नवा पाइप बसवत होतो. भिंतीवरच्या फरशीची रेघ धरून पाइप न्यायचा, क्लिपा मारायच्या, झोपेत करता येईल असं काम. बसवून मागे सरकून बघतो तर पाइपला मध्येच पोट आलेलं. काढला, पुन्हा बसवला, पुन्हा पोट. लेव्हल लावली तर बुडबुडा बरोब्बर मधोमध. मला वाटलं, लेव्हल बिघडली. नवी आणली. तिचाही बुडबुडा मधोमध. मग मी घरमालकीणबाईंना सांगितलं की तुमची भिंतच वाकडी आहे. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." आयुष्यभर हे मी दुसऱ्या प्लंबरांना ऐकवत आलो होतो.

उलगडा घरी आल्यावर झाला. तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तो मिटला, तर खिडकीचा गज वाकला. उजवा मिटला, गज सरळ. पुन्हा डावा मिटला, पुन्हा वाकडा, आणि नेमकं जिथे बघावं तिथे एक मळकट डाग, छताला ओल धरते तसा. मी तिथेच उभा राहून डोळे मिचकावत बसलो. ही आत आली आणि म्हणाली, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहायला आलंय?

डोळ्यांचा डॉक्टर तरुण आहे, पण ऐकून घेणारा. तो म्हणाला, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याच्याखाली पाणी झिरपून साठलंय, त्यामुळे पडदा फुगलाय, म्हणून रेघा वाकतात. मी म्हटलं, गिलाव्यामागे ओल. तो म्हणाला, तसंच समजा. पाणी आहे हे त्याच्या मशीनवर दिसलं, पण ते कुठून येतं ते दिसेना. शक्यता दोन. एक म्हणजे बारीकसं छिद्र, जे कधीकधी आपोआप बुजतं. दुसरी म्हणजे कमकुवत नव्या रक्तवाहिन्या गळतायत, आणि तसं असेल तर वाट बघण्यात नजर जाते. एकीला थांबायचं, दुसरीला अजिबात थांबायचं नाही. कुठली ते कळायला हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचायचा आणि तो डोळ्यात पोचला की फोटो काढायचे. जिथे गळतं तिथे रंग चमकतो.

हे मला कुणी समजावायला नको. फ्लशची टाकी गळतेय का ते मीही रंग टाकूनच बघतो. पण मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, सुई नको. आमच्या आईला असाच रंग टोचला होता आणि ती खुर्चीतच कोसळली होती.

त्याने पेन खाली ठेवलं. विचारलं, नक्की काय झालं होतं? अंगावर पुरळ आलं? श्वास अडकला? की नुसती चक्कर? मी तिथे नव्हतोच. आईच्या डोळ्यांत साखरेमुळे गळती होती, तू तिला तपासणीला नेलंस, आणि ती घरी आली ती पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी चढणार नाही असं म्हणतच. चढली नाही. दोन्ही डोळे गेले, भिंतीला हात लावत लावत फिरली, आणि तशीच गेली. मला एवढंच माहीत आहे. डॉक्टर म्हणाला, तिथे कोण होतं? मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, मग त्यांना विचारा. जसं काही तू शेजारच्या खोलीत बसली आहेस.

म्हणून विचारतोय. त्या दिवशी खुर्चीत काय झालं? माझा उजवा डोळा अडकलाय या उत्तरावर. तू सांगशील तसं करीन.

तुझा
ठोक्या


१५ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "रंग घे. घाबरू नकोस. ताई." उलटसुलट करून बघितलं, मागे नुसता माझा पत्ता. मला वाटलं उरलेलं त्या डागाखाली गेलं असेल, म्हणून हिलाही दाखवलं. ती म्हणाली, एवढंच आहे.

आता मी काय समजायचं? तू शाळेत मुलांना नुसत्या उत्तराला मार्क द्यायची नाहीस. उत्तर बरोबर असलं तरी वहीवर लाल शेरा, पायऱ्या कुठे आहेत? मग पायऱ्या कुठे आहेत, ताई? तू तिथे होतीस. आई तुझ्यासमोर पडली. आणि तूच म्हणतेस, घे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तू मला सांगतेस दूध गरम आहे पण पी.

मी हिच्याशी बोललो, हिचं म्हणणं, ताई विचार केल्याशिवाय बोलत नाहीत, घ्या. मग मी म्हटलं, विचार करून बोलणारी बाई चार शब्द लिहून गप्प का बसली? ही म्हणाली, तुमच्याशी आजवर कोण चारपेक्षा जास्त बोलू शकलंय.

खरं सांगू, तू का तुटलीस तेच मला अजून कळलेलं नाही. मी मनाशी खूप घोळवलं. आधी वाटलं, तुझ्या घरचा गिझर मी बसवला होता तो गळला म्हणून. मग वाटलं, आईचं कपाट मी विचारल्याशिवाय दुकानात नेलं म्हणून. त्यात मी वॉशर ठेवतो, तुला हवं असेल तर आजही रिकामं करून देतो. पण कपाटासाठी कुणी गाव सोडत नाही. आपलं शेवटचं बोलणं मला आठवतं. आपण आईची खोली आवरत होतो. तू चादरीच्या घड्या घालत होतीस. मी सहज म्हणालो, आईला त्या रंगाने खाल्लं. तू अर्धी घडी तशीच ठेवलीस, आत जाऊन पाणी प्यायलीस, चपला घातल्यास आणि गेलीस. मला वाटलं दुकानात काही आणायला गेलीस. पुढच्याच आठवड्यात तू घर बदललंस. त्यात रागावण्यासारखं काय होतं? मी रंगाला बोललो होतो, तुला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळतं, पण कुठे ते सापडत नाही, आणि माझा तर तोच धंदा आहे.

डोळ्याचं सांगतो. डॉक्टरने चौकटी छापलेला एक कागद दिलाय, मधे ठिपका. रोज एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा कुठे वाकतात ते बघायचं. तो मी फ्रिजवर लावलाय. तुझ्या आलेखवहीचं पान कुणीतरी ओल्या हाताने चुरगळावं तसा तो दिसतो. गेले काही दिवस वाटतं की वाकणं कमी झालंय. त्याचं श्रेय माझं आहे. हसणार नसशील तर सांगतो.

गळती शोधायची असेल तर सगळ्यात आधी काय करतात? मेन कॉक बंद. आत पाणीच गेलं नाही तर गळेल काय? म्हणून मी पाणी पिणं बंद केलंय. अगदीच बंद नाही, सकाळी अर्धा कप चहा आणि औषधापुरता घोट. तोंड कोरडं पडतं, उभं राहिलं की जरा गरगरतं, पण रेघा सरळ होतायत असं मला वाटतं. निदान वाटतं असं वाटतं. हिला वाटत नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यामागे फिरते. डॉक्टरला मी सांगितलेलं नाही, तो अजून लहान आहे.

त्याने एक सोय केली आहे. मोठ्या हॉस्पिटलात नवं मशीन आलंय, ते म्हणे सुई न टोचता, रंग न घालता गळती कुठे आहे त्याचा नकाशा काढतं. तिथे माझी वेळ घेतलीय. पण त्यात स्पष्ट दिसलं नाही तर मात्र रंगच, असं त्याने बजावलंय. तेव्हा तुझी सुटका झालेली नाही. पायऱ्या पाठव. त्याशिवाय मी कुणाला हाताला हात लावू देणार नाही.

ठोक्या


२४ मार्च

ताई,

पायऱ्या नाही आल्या. हरकत नाही, आता त्यांची गरज उरलेली नाही. का ते सांगतो, पण आधी माझी फजिती ऐक, कारण ही ती सगळ्यांना फोन करून सांगतेच आहे आणि तू फोन उचलत नाहीस.

हॉस्पिटलात जायच्या दिवशी हिने खायला करून ठेवलं. मी म्हटलं, तपासणीला जायचंय, उपाशीपोटीच जायचं असतं, एवढं तरी आमच्या घरात शिकवलंय. ती म्हणाली, डोळा बघणार आहेत, पोट नाही. मी ऐकलं नाही. चहाही घेतला नाही. तुझीच शिस्त ती, तपासणी म्हणजे सकाळपासून तोंडात काही नाही.

तिथे बाकावर बराच वेळ गेला. मग मशीनवाल्या बाईंनी आत घेतलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण आवाज हेडमास्तरांचा. हनुवटी इथे टेकवा, कपाळ पुढे, हिरव्या खुणेकडे बघा, पापणी मिटू नका. मी विचारलं, सुई? त्या म्हणाल्या, सुई नाही, थेंब नाही, रंग नाही, नुसता उजेड. पडद्याचे एकाखाली एक थर असतात. उजेड आत जातो, थराथरावर आपटून परत येतो. जिथला थर भिजलाय तिथून कमी परत येतो. अशा कमी उजेडाच्या जागा मशीन शोधून काढतं आणि त्यांचा नकाशा बनवतं. मी म्हटलं, म्हणजे मी फरशीवर ठोकून आवाज ऐकतो तसंच. त्या म्हणाल्या, बोलू नका, हनुवटी हलते.

मी हिरव्या खुणेकडे बघत राहिलो. ती खूण हळूहळू मोठी झाली, मग सगळंच हिरवं झालं, मग काहीच नाही.

जाग आली तेव्हा मी जमिनीवर होतो आणि पाय एका स्टुलावर. भोवती चपलाच चपला. एक मोठे डॉक्टर धावत आले आणि त्यांनी विचारलं, "यांना काय दिलं होतं?"

मशीनवाल्या बाईंचा हेडमास्तरी आवाज पार उतरला होता. त्या म्हणाल्या, "काहीच दिलं नाही हो. हातही लावला नाही. फक्त हनुवटी टेकवायला सांगितली होती."

मग माझी चौकशी झाली. सकाळी काय खाल्लं? काही नाही. पाणी? त्या वेळी मला मेन कॉकची गोष्ट सांगावी लागली, पडल्या पडल्या, सगळ्या चपलांसमोर. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शरीर म्हणजे तुमची टाकी नव्हे, तुम्ही पाणी बंद केलंत तर डोळ्यातलं पाणी कमी होत नाही, माणूस कमी होतो. आणि या तपासणीला उपाशी यायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, घरची रीत आहे. मला साखरपाणी पाजलं, बिस्किटं खायला घातली, बाहेरून हिला बोलावलं. ती आली, मला बघितलं, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता डॉक्टरांना म्हणाली की यांचा दुसरा डोळाही तपासा, यांना तांब्या दिसत नाही.

त्यानंतर पुन्हा हनुवटी टेकवली आणि या वेळी फोटो नीट आले. मी ते मशीनच्या पडद्यावर बघितले. काय सांगू तुला. भिंत उभी कापली तर जशी दिसेल तसं, थरावर थर, आणि मध्येच एक थर फुगलेला, त्याच्याखाली काळी पोकळी. ते पाणी. मी समजत होतो की जिथे पाणी साठलंय तिथेच भोक असणार. पण नकाशात भोक बाजूला निघालं, वरच्या अंगाला, टाचणीच्या टोकाएवढं. तिथून येऊन मधे साठत होतं. ओल दिसते एकीकडे आणि गळतं दुसरीकडे, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो आणि स्वतःच्या डोळ्यात मात्र विसरलो.

तर एकच छिद्र, चांगल्या जातीचं. काही दिवस वाट बघायची, नाही बुजलं तर प्रकाशकिरणांनी बुजवायचं. रंग नको. सुई नको. म्हणून म्हटलं, तुझ्या उत्तराची आता गरज नाही. आईला रंग सोसला नव्हता ही नोंदही डॉक्टरने खोडून टाकली. तू मोकळी.

मग मी हे पत्र का लिहितोय? विचारायचं होतं ते संपलं. ही म्हणाली, फोटो पाठवा त्यांना नुसता, पत्र कशाला. तरी बसलो लिहायला. मला स्वतःलाच नीट कळत नाही. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी पडलो, ताई. कुणी काही टोचलं नव्हतं. तरी पडलो.

ठोक्या


२ एप्रिल

ठोक्या,

पायऱ्या मागितल्या होत्यास. या घे.

आईने त्या सकाळी साखर उतरवायची गोळी घेतली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, तपासणी आहे, खायचं नाही. तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. मीच ठरवलं.

दवाखान्यात गर्दी होती. दुपार झाली. आई म्हणाली, हात थरथरतायत, काहीतरी खायला दे. मी म्हटलं, उगाच घाबरतेस, आता नंबर येईलच. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिला घाम आला होता. मी तो पदराने पुसला.

मग नंबर आला. सुई टोचली आणि ती कोसळली. पुरळ नव्हतं. श्वास अडकला नव्हता. शिरेतून साखर गेल्याबरोबर तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, तू जेवलीस का?

तिथल्या नर्सने बोटातून रक्त घेऊन साखर बघितली होती, ती फार खाली गेलेली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, या उपाशी होत्या का? मी म्हटलं, नाही, खाऊन आल्यात. शाळेत इतकी वर्षं मी मुलांचं खोटं पकडत आले. माझं कुणी पकडलं नाही. घरी सगळे म्हणाले, रंग सोसला नाही.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी तिला सांगू आणि पुन्हा नेऊ. पण ती घरी येऊन रंगाला घाबरली ती घाबरलीच. मी पुन्हा चल म्हटलं की म्हणायची, तूच बघितलंस ना गं, त्या रंगाने मारलंच असतं मला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय लागते. मग तिची नजर गेली. मग ती गेली. आणि मग मी चादरी आवरताना तू म्हणालास, रंगाने खाल्लं. तू रंगाला बोललास, पण त्या खोलीत रंग नव्हता, मी होते.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तुझा डोळा जाईल या भीतीने मी रात्र काढली, आणि तरी माझ्याने चारच शब्द लिहवले. आता तू म्हणतोस, गरज नाही. गरज नाही म्हणूनच लिहिते. गरज होती तेव्हा जमलं नाही.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. पाणी पी.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळून काही दिवस झाले. हिला वाचून दाखवायला लावलं नाही, स्वतःच वाचलं, उजवा डोळा झाकून. मग का कोण जाणे, डावा झाकूनही वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं वाकडी झाली, मजकूर तोच राहिला.

मला काय वाटतंय ते मला कळत नाही. मी रागावलोय, खोटं कशाला लिहू. त्या दिवशी कामावर एका नळाचा नट असा आवळला की आटेच गेले, आणि तो बदलून देताना दुसऱ्याचेही घालवले. आईचा हात जिथून फिरायचा तिथे भिंतीवर एक काळपट पट्टा पडला होता, स्वयंपाकघरापासून तिच्या खाटेपर्यंत. ती गेल्यावर तो मी रंग लावून बुजवला. परवा तिथे उभा राहून नखाने खरवडून बघितलं. आहे अजून खाली. मी तुझ्यावर ओरडलो, ताई, मोठ्याने, रिकाम्या भिंतीसमोर. ही बाहेरून म्हणाली, कोण आहे आत? मी म्हटलं, ताई.

मग मी डॉक्टरकडे गेलो. माझं काही काम नव्हतं. त्याला विचारलं, आईची तपासणी पुन्हा झाली असती, उपचार झाले असते, तर तिचे डोळे राहिले असते का? तो म्हणाला, सांगता येत नाही. साखरेचे डोळे सगळं करूनही काही वेळा जातात आणि काही वेळा राहतात. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मला पाणी दिलं. मी प्यायलो.

म्हणजे तू दोषी आहेस की नाहीस हेही मला कुणी सांगेना. खोटं बोललीस, एवढं नक्की. ते मला डाचतं, आणि डाचत राहील असं वाटतं. पण राग धरून बसलो की मध्येच मी स्वतः आठवतो, जमिनीवर आडवा, पाय स्टुलावर. मला कुणी उपाशी ठेवलं होतं? समोर ताट होतं. खाऊन जा म्हणणारं माणूस होतं. तरी मीच शहाणा. मला साखरेची गोळी नव्हती म्हणून निभावलं, नाहीतर तीच खुर्ची, तसंच पडणं, आणि दोष बिचाऱ्या मशीनला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ही शिस्त तुझी. ते चुकलं. तुला तरी कुणी शिकवलं? आईनेच. आठव, शाळेत डॉक्टर यायचे त्या दिवशी ती आपल्याला काही म्हणजे काही खाऊ द्यायची नाही. डॉक्टर नुसती जीभ बघायचे आणि पाठीवर थाप मारायचे, तरी आपण उपाशी. मी रांगेत रडायला लागलो होतो. तू वरच्या वर्गातून आलीस, कंपासपेटी उघडलीस, आणि कर्कटकाखालून अर्धं बिस्किट काढून माझ्या तोंडात कोंबलंस. त्याला शिसपेन्सिलीचा वास होता. आईला कळलं तेव्हा मार तू खाल्लास, मी नाही. हे मी पार विसरलो होतो. तुझं पत्र वाचून रागाने घरभर फिरत होतो आणि मध्येच तोंडात ती पेन्सिलीची चव आली.

आता तूच सांग, मी यातलं कुठलं धरायचं? आईला दोनदा नाही म्हणालेली तू, की मला न मागता देणारी तू? मी दोन्ही डोळ्यांनी एकदम बघायला जातो आणि सगळं पुसट होतं. त्यामुळे माफ केलं वगैरे मी लिहीत नाही. अजून तसं झालेलं नाही. पण तू उत्तर पाठवू नकोस म्हणालीस ते ऐकणार नाही, आणि तू पुन्हा गप्प बसलीस तर तेही मी ऐकणार नाही. तुझं गप्प बसणं आपल्याला फार महाग पडलंय.

माझं छिद्र आपलं आपण बुजलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी दुपारी प्रकाशकिरणांनी बुजवणार आहेत. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, सोबत घरचं माणूस हवं. ही आहेच. पण मी मशीनवाल्या बाईंना विचारून ठेवलंय, दोघीजणी आल्या तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, उलट दोघी असलेल्या बऱ्या, तुम्हाला उचलायला लागलं तर.

तू ये. मी बोलेन की नाही, बोललो तर काय बोलेन, मला माहीत नाही. कदाचित बाकावर नुसते बसू. कपाट रिकामं केलंय. फ्रिजवरचा कागद तसाच आहे, एकदा तुझ्या नजरेने बघून सांग की रेघा खरोखर सरळ आहेत, लेव्हलवर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

तुझ्याकडून इकडे यायला भल्या सकाळची गाडी धरावी लागेल. घाईत असशील, वाटेत खाईन म्हणशील. तसं करू नकोस, ताई. खाऊन निघ.

तुझा
ठोक्या